पायाखालची ऊब

लंडनला थेम्स नदीच्या काठी असलेला वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा मुळात एका कुटुंबाचं राहतं घर होता. इंग्लंडचे राजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. १५१२ साली राहत्या भागाला आग लागली आणि आठव्या हेन्रीने तिथलं बिऱ्हाड हलवलं ते कायमचंच. पुढे काही वर्षांनी जवळच व्हाइटहॉलला राजघराण्याचा संसार नव्याने मांडला गेला. पार्लमेंट मात्र जुन्याच घरात राहिलं आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत हळूहळू पसरलं. राजघराण्याचं देवघर, म्हणजे सेंट स्टीफन्स चॅपल, पार्लमेंटच्या कॉमन्स या गृहाचं सभागृह झालं. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीने भिंती चितारून घेतलेली आपली निजायची खोली, म्हणजे पेंटेड चेंबर, सभा-समारंभांना वापरात आली. १८०१ मध्ये आयर्लंडचे सरदार सामील झाले, लॉर्ड्स या सरदारांच्या गृहाला जागा पुरेना, म्हणून त्याची बैठक राजवाड्यातल्याच दुसऱ्या एका जुन्या दालनात गेली. जागा कमी पडेल तिथे लाकडी आडभिंत घालायची, वरून गिलावा द्यायचा, मध्ये एक जिना काढायचा, शेजारी माळा चढवायचा. घर असं वाढत गेलं. त्यात माणसं राहतही होती. कॉमन्सच्या सभापतींचं निवासस्थान तिथेच होतं. घराची देखरेख करणाऱ्या बाया होत्या, दारवान होते, त्यांची कुटुंबं होती.

आगीचा एक अनुभव घेतलेल्या घरात ही मंडळी पुढची ३२२ वर्षं वावरली. १६ ऑक्टोबर १८३४ हा त्या घराचा शेवटचा दिवस. त्या रात्रीच्या ज्वाळांची चित्रं जगभर गाजली. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते ज्वाळा दिसण्याआधीचे तास. आगीची जवळजवळ प्रत्येक खूण त्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या नाकाला, डोळ्यांना किंवा तळपायांना जाणवली होती.

४५ वर्षं आधी

१७८९ मध्ये १४ वास्तुविशारदांनी राजवाड्याबद्दल अहवाल दिला. ही इमारत आगीच्या तोंडी आहे, असं त्यांनी लेखी बजावलं. सह्या करणाऱ्यांत रॉबर्ट ॲडम होते आणि जॉन सोनही होते. त्यानंतरची डागडुजीसुद्धा लाकडाच्या पट्ट्या आणि गिलावा यांतच झाली.

८ वर्षं आधी

इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात बाराव्या शतकापासून हिशेबाची एक पद्धत चालत आली होती. हेझल झाडाची सरळ काठी घ्यायची आणि रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभरची अंगठ्याएवढी, वीसची करंगळीएवढी आणि एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, म्हणजे दोन्ही फाळींवर त्याच खाचा येतात. एक फाळ पैसे भरणाऱ्याकडे जाई, दुसरी खजिन्यात राही. वाद निघाला की दोन्ही फाळी एकमेकींना लावून पाहायच्या. लाकडाचे तंतू जुळले नाहीत की लबाडी उघडी पडायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही बोटाने चाचपून कळेल असा तो हिशेब होता.

ही पद्धत बंद करणारा कायदा १७८२ मध्येच झाला होता. पण खात्यातले जुने मानकरी हयात होते आणि त्यांची पदं संपेपर्यंत थांबायचं होतं. १८२६ मध्ये काठ्यांचं काम एकदाचं थांबलं. काठ्या मात्र वेस्टमिन्स्टरच्या खोल्यांत तशाच पडून राहिल्या. काही दशकं-दशकं वाळलेल्या होत्या, काही त्याहूनही जुन्या. चुलीपुढे बसलेली कुठलीही बाई सांगेल की अशी बारीक, खडखडीत वाळलेली काटकी कशी भसकन पेटते.

६ वर्षं आधी

१८२८ मध्ये जॉन सोन यांनी पुन्हा इशारा दिला. इतकं जळाऊ सामान एकत्र असलेल्या या इमारतीत आग लागली तर पेंटेड चेंबर, कॉमन्सचं सभागृह आणि वेस्टमिन्स्टर हॉल यांचं काय होईल, असा त्यांचा सवाल होता. सोन हे काही वाटेवरचे गृहस्थ नव्हते. इमारतीचं पुष्कळ काम त्यांच्या हाताखालून गेलं होतं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पुण्यात शनिवारवाडा जळला. आग सात दिवस धुमसत राहिली. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. वरचं सागवानी वैभव गेलं. दगडी तट पाहून वाडा अभेद्य वाटतो, पण माणसं राहतात ती आतल्या लाकडात. वेस्टमिन्स्टरचंही तेच होतं. बाहेरून दगड, आत तुळया, तक्तपोशी, पडदे आणि कागद.

काही दिवस आधी

काठ्या ठेवलेली खोली हवी होती, दिवाळखोरीच्या न्यायालयासाठी. दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या हलवायच्या होत्या आणि त्या जाळून टाकायचं ठरलं. बांधकामावर देखरेख करणाऱ्या रिचर्ड वेब्ली यांच्यापुढे प्रश्न आला तो जाळायचं कुठे याचा. अंगणात होळी केली तर शेजारीपाजारी तक्रार करतील. त्यापेक्षा लॉर्ड्सच्या सभागृहाखाली दालन गरम करायच्या दोन भट्ट्या आयत्याच आहेत, तिथे काम गुपचूप उरकेल.

इथे क्षणभर थांबायला हवं. उघड्यावर जाळल्या असत्या तर धूर शेजाऱ्यांच्या नाकात गेला असता, दोन दिवस बोलणी बसली असती आणि विषय संपला असता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आग घराच्या पोटात नेली. चार्ल्स डिकन्स यांनी १८५५ मधल्या एका भाषणात या प्रकाराचा समाचार घेतला. आसपासच्या गरिबांना या काठ्या सरपण म्हणून देता आल्या असत्या, असं ते म्हणाले. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. वेस्टमिन्स्टरच्या आसपास तेव्हा गरिबांच्या दाट वस्त्या होत्या आणि हिवाळा तोंडावर होता. दोन गाड्या कोरडं लाकूड तिथे दिवस मावळायच्या आत संपलं असतं.

साडेअकरा तास आधी : सकाळी ७

जोशुआ क्रॉस आणि पॅट्रिक फर्लाँग हे दोन मजूर कामाला लागले. थोड्या थोड्या काठ्या टाका, काळजीने जाळा, अशी सूचना होती.

भट्ट्या होत्या कोळशाच्या. कोळसा जळतो तेव्हा धग भरपूर देतो, पण त्याची ज्योत आखूड असते आणि उष्णता भट्टीच्या पोटात राहते. वाळक्या लाकडाची ज्योत लांब असते. ती भट्टीत मावत नाही, धुराड्यात शिरते. या भट्ट्यांची धुराडी थेट आभाळाकडे जात नव्हती. तळघराच्या भिंतींतून, वरच्या सभागृहाच्या जमिनीखालून फिरून मग ती वर चढत होती. हिवाळ्यात सरदारांचे पाय उबदार राहावेत म्हणून केलेली ती सोय होती. आज त्या वाटेने कोळशाच्या धगीऐवजी उघडी ज्योत धावणार होती.

आणि धुराड्याच्या आतल्या अंगाला काजळी असते. काजळी हे अर्धवट जळालेलं इंधनच. ज्योत तिथवर पोचली की काजळी पेटते आणि मग भट्टीत काही टाका वा टाकू नका, धुराडं आपल्या आपण जळत राहतं. हवा खालून ओढली जाते, विटांची नळी आतून लालभडक होते, सांधे फुटतात. धुराड्याला खेटून असलेल्या तुळया वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आधीच भाजून कोळपलेल्या असतात. ताज्या लाकडापेक्षा त्या कितीतरी लवकर पेट घेतात. जुन्या घरातल्या शेगडीचा खरा धोका हाच आहे. समोरची आग विझलेली दिसते आणि भिंतीतली चालू असते.

सकाळचे तास

भट्टीची दारं उघडत होती, बंद होत होती. काठ्या आत जात होत्या. गाड्या रिकाम्या व्हायच्या होत्या आणि मजुरांना काम लवकर संपवायचं होतं. "थोड्या थोड्या" ही सूचना कामाच्या घाईत मागे पडली.

लॉर्ड्सच्या सभागृहाची देखरेख तेव्हा मिसेस राइट यांच्याकडे होती. राइटबाईंना सभागृहात धूर आणि उष्मा जाणवला. खाली काम चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खाली निरोप धाडला. मजुरांकडून उत्तर आलं ते इतकंच की काम वरून सांगितलेलं आहे आणि ते पुरं करायचं आहे.

या निरोपाची पायरी नीट पाहायला हवी. राइटबाई घराच्या राखणदार होत्या, पण भट्टीवर त्यांचा हुकूम चालत नव्हता. भट्टी बांधकाम खात्याची, काठ्या खजिन्याच्या, सभागृह सरदारांचं. अधिवेशन चालू नव्हतं, तेव्हा धूर पाहून संतापणारा एकही सरदार हजर नव्हता. ज्यांच्या नाकाला वास येत होता त्यांना काम थांबवायचा अधिकार नव्हता. ज्यांना अधिकार होता, ते जागेवर नव्हते.

अडीच तास आधी : दुपारी ४

दोन गृहस्थ लॉर्ड्सचं सभागृह पाहायला आले. अधिवेशन नसताना पाहुण्यांना दालन दाखवायची पद्धत होती आणि पाहण्यासारखं तिथे होतंही. १५८८ मध्ये इंग्लंडवर चाल करून आलेल्या स्पॅनिश आरमाराच्या पराभवाचे विणलेले प्रचंड पडदे त्या भिंतींवर लटकत होते. ते १५९० च्या दशकात विणले गेले, ज्याने त्या लढाईत इंग्रज आरमाराचं नेतृत्व केलं त्या लॉर्ड हॉवर्डसाठी. लढाईत प्रत्यक्ष असलेल्या माणसाने आपल्या आठवणीसाठी करवून घेतलेली ती नोंद होती. गलबतांच्या रांगा, शिडं, तोफांचे धूर, काठांवर कप्तानांचे चेहरे.

पाहुण्यांना त्यातलं फारसं काही दिसलं नाही. दालनात इतका धूर कोंडला होता की एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचं सिंहासन दिसत नव्हतं. पडद्यांच्या अगदी जवळ जावं तेव्हा विणकाम ओळखू येई. आणि त्यांच्यातल्या एकाला बुटाच्या तळव्यातून उष्णता जाणवू लागली. त्याने तसं बोलूनही दाखवलं. खाली मजूर काम करताहेत, असं राइटबाईंनी सांगितलं. पाहुणे पडदे पाहायला आले होते, जमेल तेवढे पाहून निघून गेले.

बुटाचं कातडं जाड असतं. त्यातून पायाला चटका जाणवतो म्हणजे खालची जमीन किती तापली असेल? आपल्याकडे तापलेल्या फरशीवर अनवाणी पाऊल पडलं की आपण झटकन उचलतो. इथे बूट होते, सभ्यता होती, अनोळखी घर होतं आणि समोर त्या घराची माहीतगार बाई शांतपणे कारण सांगत होती. परक्या घरात आपण आपल्या पायांपेक्षा यजमानाच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

राइटबाई खोटं बोलत नव्हत्या. खाली मजूर खरंच काम करत होते. कारण खरं होतं आणि म्हणूनच ते घातक ठरलं. धुराला कारण सापडलं की माणूस धुराकडे पाहायचं थांबवतो. जुन्या घरात राहणाऱ्यांना तर अशी कारणं तोंडपाठ असतात. तो जिना करकरतोच, ती भिंत पावसाळ्यात ओल धरतेच, ती चूल वारा पडला की धुरकटतेच. घराशी जडलेल्या जिव्हाळ्यातच ही सगळी कारणं मुरलेली असतात. घर ओळखीचं असणं हे त्या दुपारी राइटबाईंच्या मुळावर आलं.

दीड तास आधी : संध्याकाळी ५

काठ्या संपल्या. मजुरांनी भट्ट्या बंद केल्या आणि ते निघून गेले. राइटबाईंनी सभागृहाला कुलूप लावलं.

ज्या कामाला दिवसभर बोट दाखवलं जात होतं, ते काम आता थांबलं होतं. उष्मा कमी व्हायला हवा होता. धूर निवळायला हवा होता. पण कुलूपबंद दालनात पाहायला कुणी नव्हतं आणि आग आता भट्टीत राहिलेली नव्हती. ती धुराड्यात, जमिनीखाली, तुळयांच्या सांध्यांत होती.

तळघरात फेरी मारायची रीत त्या राजवाड्यात होती, ही मला चुटपुट लावणारी गोष्ट आहे. १६०५ मध्ये गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी पार्लमेंट उडवून द्यायला लॉर्ड्सखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं लपवली होती. तो कट उघडकीला आल्यावर पार्लमेंटच्या उद्घाटनाआधी तळघर तपासायची प्रथा रूढ झाली. ती आजही पाळली जाते. शत्रू कुठून येईल याची आठवण दोन शतकांहून अधिक काळ जपली गेली. रोजच्या भट्टीची झडती घ्यायची रीत मात्र नव्हती.

अर्धा तास आधी : संध्याकाळी ६

ऑक्टोबरच्या मध्यावर लंडनला तेव्हा सहाला अंधार पडलेला असे. एका दारवानाची बायको, मिसेस मुलेनकँप, सभागृहाजवळून जात होती. बंद दाराखालच्या फटीतून तिला उजेड दिसला. कुलूप लावलेल्या, दिवे नसलेल्या दालनातला उजेड.

तिने कारण शोधलं नाही. ती ओरडत राइटबाईंकडे धावली, लॉर्ड्सचं सभागृह पेटलंय म्हणून. सकाळपासूनच्या सगळ्या घटनांत खूण दिसताक्षणी तिला आग म्हणणारी ही पहिली व्यक्ती. तिच्याकडे कुठलं पद नव्हतं, घराची जबाबदारी नव्हती.

संध्याकाळी ६.३०

बंद खोलीत आग वाढत जाते तेव्हा तापलेले वायू छताखाली साचतात. एका टप्प्याला खोलीतलं सगळं सामान एकदमच पेट घेतं. साडेसहाच्या सुमाराला लॉर्ड्सच्या भागातून ज्वाळेचा एक प्रचंड लोळ बाहेर उसळला. सुमारे ३० किलोमीटरांवरच्या विंडसरहून राजा-राणीला आभाळ उजळलेलं दिसलं. ब्रायटनहून घोडागाडीने परतणाऱ्या चार्ल्स बॅरी या वास्तुविशारदाला क्षितिजावर लाली दिसली. आरमाराचे पडदे तिथेच संपले.

पुढची रात्र

सातनंतरचं सगळं वेगाने घडलं. सेंट स्टीफन्स चॅपलचं छप्पर पेटलं आणि कोसळलं. पेंटेड चेंबर पेटला. लंडनमध्ये तेव्हा सरकारी अग्निशमन दल नव्हतं. विमा कंपन्यांनी १८३३ मध्ये मिळून उभं केलेलं एक दल होतं, त्याचा प्रमुख होता एडिंबराहून आलेला जेम्स ब्रेडवुड. पार्लमेंटचा विमा नव्हता, त्यामुळे ही आग विझवणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. तो १२ बंब आणि ६४ माणसं घेऊन आला. थेम्सला ओहोटी होती. नदी दाराशी असून पाणी दूर.

लॉर्ड्स आणि कॉमन्स हातचे गेले हे लवकरच दिसलं. सगळी ताकद वेस्टमिन्स्टर हॉलकडे वळली. अर्थमंत्री लॉर्ड अल्थॉर्प तिथे उभे राहून ओरडत होते की कॉमन्स जळू द्या, हॉल वाचवा. हॉलचं छप्पर चौदाव्या शतकाच्या अखेरीचं, दुसऱ्या रिचर्डच्या काळातलं, ओकच्या तासलेल्या अजस्र खांडांचं. मध्ये एकही खांब नाही. बंब हॉलच्या आत नेले आणि खालून वर त्या लाकडावर पाणी मारत राहिले. शेजारच्या इमारतींशी जोडणारं छप्पर तोडून आगीची वाट अडवली. मध्यरात्रीच्या सुमाराला वाऱ्याने दिशा बदलली. दीडच्या सुमाराला भरती चढली आणि नदीतला तरंगता बंब पोचला. पहाटे आग आटोक्यात आली.

हॉल वाचला. एकाही माणसाचा जीव गेला नाही. काही जण जखमी होऊन इस्पितळात गेले. कारकुनांनी कॉमन्सची हस्तलिखित कामकाजपत्रं खिडक्यांतून बाहेर टाकून वाचवली, बाकीचे बहुतेक जुने कागद गेले. लॉर्ड्सची दप्तरं वाचली, कारण ती १६२१ पासून मुख्य इमारतीपासून अलग असलेल्या ज्युअल टॉवर नावाच्या दगडी मनोऱ्यात ठेवली होती. देशाच्या वजनमापांचे अधिकृत नमुने, यार्ड आणि पौंड, आगीत निकामी झाले. टर्नर आणि कॉन्स्टेबल हे दोघेही चित्रकार त्या रात्री गर्दीत होते. टर्नरने पुढच्या वर्षी रंगवलेली त्या आगीची दोन तैलचित्रं आज अमेरिकेत आहेत, एक फिलाडेल्फियाला आणि एक क्लीव्हलँडला.

नंतर

घातपाताच्या अफवा लगेच उठल्या. प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाच्या समितीने साक्षी घेतल्या आणि आग घातपाताची नसून अपघाताची, बेपर्वाईमुळे लागलेली आहे, असा निष्कर्ष काढला. देखरेखीतली हयगय, सूचनांची पायमल्ली आणि दिवसभर मिळालेल्या इशाऱ्यांकडे केलेलं दुर्लक्ष यांवर समितीने बोट ठेवलं.

साक्षींतून दिवसाचा क्रम जुळला म्हणूनच आज आपण तास मोजू शकतो. पण मला त्या क्रमात गुन्हेगार शोधावासा वाटत नाही. दोन मजुरांना एक कंटाळवाणं काम संपवायचं होतं. वेब्लींना शेजाऱ्यांची तक्रार टाळायची होती. राइटबाईंनी निरोप धाडला होता आणि आपल्या हातात होतं ते केलं होतं. यांच्यापैकी एकाला जरी "आज भट्टी बंद, वरची जमीन थंड होईपर्यंत काम नाही" असं म्हणायचा हक्क असता, तर ते घर त्या रात्री उभं राहिलं असतं. दोष द्यायचाच तर तो १७८९ आणि १८२८ चे इशारे हातात असूनही ज्यांनी त्या घरात आगीची जबाबदारी एका माणसाकडे सोपवली नाही, त्यांना द्यायला हवा.

फेब्रुवारी १८३५ पासून दोन्ही सभागृहं उरलेल्या भिंतींवर तात्पुरती छपरं घालून पुन्हा तिथेच बसू लागली. नव्या इमारतीसाठी ९७ आराखडे आले, त्यातून ब्रायटनच्या वाटेवर लाली पाहिलेल्या चार्ल्स बॅरीची निवड झाली. लॉर्ड्सचं नवं सभागृह १८४७ मध्ये वापरात आलं, कॉमन्सचं १८५२ मध्ये. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची गादी काढून घेतल्याची दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते याच काळात लंडनला होते. ज्या पार्लमेंटकडून त्यांना न्यायाची आशा होती, ते तेव्हा परांच्या आणि दगडांच्या ढिगाऱ्यांत बसत होतं.

आता ती नवी इमारतही जुनी झाली आहे. भिंतींच्या पोकळ्यांत आणि तळघरांत वाफेचे नळ, विजेच्या तारा, गॅसच्या वाहिन्या एकमेकांना खेटून धावतात. कित्येक ठिकाणी ॲस्बेस्टॉस आहे, त्यामुळे उघडून दुरुस्ती करणं अवघड. आग वेळेत लक्षात यावी म्हणून अग्निसुरक्षेची माणसं रात्रंदिवस गस्त घालतात. ३१ जानेवारी २०१८ रोजी कॉमन्सने कौल दिला की दुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांनी काही वर्षं पूर्णपणे बाहेर पडावं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसला नोत्र दामचं छप्पर जळताना जगाने पाहिलं आणि त्याच वर्षी दुरुस्तीचा कायदाही झाला. तरी सभासदांचं मन निघेना. परंपरा आहे, वास्तूत जीव अडकला आहे, एकदा बाहेर पडलो तर परत येता येईल का, अशी भीती आहे. ही भीती मी समजू शकतो. पण १८३४ ची साक्ष वाचल्यावर माझं मत पक्कं आहे. त्यांनी सामान बांधावं आणि गवंडी, सुतार, वीजवाल्यांच्या हाती घर सोपवावं. दुरुस्ती किती वर्षं चालेल, खर्च किती येईल आणि तोवर कुठे बसायचं, यावर त्यांचा वाद त्याच छताखाली अजून चालू आहे.